सात वाजता लागणारा टीव्ही

भगीरथ विशे एसटीत कंट्रोलर होते. शहापूरच्या स्टँडवर खिडकीत बसून कोणती गाडी कुठे लागली आहे हे माइकवरून सांगायचं, कंडक्टरच्या कागदावर सही करायची आणि उशीर झालेल्या गाडीबद्दल प्रवाशांनी केलेली विचारपूस शांतपणे ऐकून घ्यायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. आपल्या सहीशिवाय एकही गाडी हलली नाही असं ते सांगत, आणि ज्या हलल्या त्यांचा उल्लेख करत नसत. अशा माणसाच्या घरातला टीव्ही एका संध्याकाळी सात वाजता त्यांना न विचारता आपोआप सुरू झाला. आपल्याला फार अपमान वाटला, असं त्यांनी शेणव्यात, म्हणजे आपल्या गावात, सगळ्यांना सांगितलं. खरं काय वाटलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आपण मात्र तिथवर जाणार आहोत.

पण टीव्हीपर्यंत जायचं तर रिमोटपासून सुरुवात केली पाहिजे, आणि रिमोटपासून करायची तर मैनाबाईंपासून, म्हणजे भगीरथरावांच्या बायकोपासून.

विशेंच्या घरात बोलण्याचं खातं मैनाबाईंकडे होतं. धसईहून नम्रताचा, म्हणजे एकुलत्या एका लेकीचा फोन आला की भगीरथराव तो उचलत, 'हॅलो' म्हणत, 'बरी हायेस ना?' असं विचारत आणि तिचं 'हो' पुरतं ऐकायच्या आत म्हणत, "थांब, आईला देतो." माइकवरून साऱ्या तालुक्याशी बोललेला माणूस पोटच्या पोरीशी एका वाक्याच्या पुढे कधी गेला नाही. यात राग नव्हता की भांडण नव्हतं. लेकीशी काय बोलायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मैना असताना ते माहीत करून घ्यायची गरजही पडली नव्हती.

मग भाताची झोडणी चालू असताना मैनाबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत वाचाही गेली. उरलं ते एक 'हं' आणि डाव्या हाताचा अंगठा. फोनची रीत मात्र बदलली नाही. नम्रताचा फोन आला की भगीरथराव 'थांब, आईला देतो' म्हणून तो खाटेवर मैनाच्या कानाला लावत. नम्रता बोलत राही आणि मैना 'हं' म्हणत राही. त्या एका 'हं'मध्ये तिनं होकार, नकार, चौकशी, रागावणं आणि लेकीच्या सासूची खबरबात एवढं सगळं बसवलं होतं.

अंगठ्याचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. टीव्हीचा रिमोट एक, त्यावरच्या केबलच्या डब्याचा दुसरा, जावयाने दिवाळीला आणलेल्या पंख्याचा तिसरा आणि त्याच पंख्याबरोबर आलेल्या दिव्याचा चौथा. मैनाला सिरियल हवी असे तेव्हा पंखा सुटे, आणि पंखा बंद करायचा असे तेव्हा दिवा जाई. एकदा भगीरथराव ओट्यावर गप्पा मारत बसले होते आणि आत पौषाच्या थंडीत पंखा पाचावर फिरत होता. ते आत आले तेव्हा मैना कुडकुडत पडली होती आणि चारही रिमोट जमिनीवर होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर चार घरांना ऐकू जाईल अशी हाक मारलेल्या बाईला नवऱ्याला हाक मारता आली नव्हती. भगीरथराव तिचे हात चोळत बराच वेळ बसले, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं की चार रिमोटचा एक रिमोट करायचा. आईबापांनी नावच भगीरथ ठेवलेलं असल्याने प्रयत्न करण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

शेजारी पांडूतात्या राहत. त्यांची भाताची गिरण होती, आणि गिरणीत बसून मोबाइलवर आलेले संदेश वाचणं हा त्यांचा मुख्य धंदा होता. त्यांनी सुचवलं की चारही रिमोट एका फळकुटावर रबराने बांधावेत. बांधले. जे तयार झालं ते उचलायला दोन माणसं लागली असती, आणि मैनाकडे एक अंगठा होता. तात्यांच्या मंडळी जनाबाई यांनी कामाच्या बटणांवर लाल टिकल्या लावल्या. त्या दोन दिवसांत सुटल्या. एक टिकली भगीरथरावांच्या कोपराला चिकटून रेशनच्या दुकानापर्यंत जाऊन आली, आणि तिथे रांगेतल्या बायकांनी ती त्यांना दाखवली. सेवानिवृत्त कंट्रोलरला हे शोभत नव्हतं, पण शोभेसाठी थांबायला वेळही नव्हता.

शेवटी नाक्यावरच्या इंद्रजीतने मार्ग काढला. इंद्रजीत मोबाइल विकायचा, दुरुस्त करायचा आणि गावात इंटरनेटच्या वायरी ओढायचा. तो म्हणाला, "काका, युनिव्हर्सल रिमोट मागवू. सगळ्या रिमोटचा बाप असतो तो. त्याच्यासोबत एक काळी डबी येते, ती टीव्हीपाशी ठेवायची. ती इंटरनेटवर असते. सेटअप मोबाइलवर करायचा, खेळ खलास."

रिमोट आला त्या दिवशी विशेंच्या ओट्यावर आळी जमली. नम्रताही धसईहून आली होती आणि सगळ्यांसाठी चहा टाकत होती. इंद्रजीतने भगीरथरावांचा मोबाइल हातात घेतला. सेटअपने पहिल्यांदा सांगितलं, खातं उघडा.

"खातं कशाला?" भगीरथराव म्हणाले. "बँकेत खातं हाय, पोस्टात हाय. आता पंख्याचं पन उघडायचं?"

सेटअपने नाव विचारलं, गाव विचारलं, जन्मतारीख विचारली, घर नेमकं कुठे आहे ते बघू का म्हणून विचारलं आणि माइकवरून ऐकू का असंही विचारलं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीदेखील विशेंच्या घरात इतकी चौकशी केली नव्हती.

"ह्याला माझा पत्ता कशाला पायजे? हा काय घरी येनार हाय?"

"काका, 'होय' दाबा. 'नाय' दाबलं की पुढं जात नाय," इंद्रजीत म्हणाला. भगीरथरावांनी होय दाबलं. सरकारी नोकरीत माणूस दुसरं काही शिकत नाही.

मग पासवर्ड आला. तो गुप्त ठेवायचा असतो हे इंद्रजीतने ओट्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आता या आळीची एक रीत होती. कुणी गावाला निघालं की घराची किल्ली जनाबाईंच्या कोनाड्यात जाई, आणि ती तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असे. दिवसा दार लावलेलं दिसलं तर लोक 'बरं नाय का?' म्हणून विचारायला येत. कुलूप असतं ते कुत्र्या-मांजरांसाठी, अशी एकंदर समजूत होती. त्यामुळे पासवर्ड हे आळीचंच काम झालं. पांडूतात्यांनी गिरणीचं नाव सुचवलं. दुसऱ्या कुणी कुलदैवत सुचवलं, पण त्यावरून वाद झाला, कारण कुलदैवतं दोन निघाली. सेटअप म्हणत होता की एक मोठं अक्षर हवं, आकडा हवा, शिवाय एक खूण हवी. अखेर सर्वानुमते 'शेणवा', मग 'ॲट', मग एक-दोन-तीन असं ठरलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवल्यामुळे ते सगळ्यांना पाठ झालं. पाठ न झालेला एकच माणूस राहिला, तो म्हणजे भगीरथराव. पुढे कधी गरज पडली तर ते ओट्यावर येऊन जनाबाईंना हाक मारत आणि विचारून घेत.

पासवर्ड ठरल्याच्या आनंदात भगीरथराव नाक्यावर भजी आणायला गेले. ते परत आले तोवर काम झालं होतं. रिमोट मैनाच्या हातात होता. तिनं अंगठ्याने एकच बटण दाबलं. टीव्ही लागला, डबा लागला, तिची सिरियल लागली आणि पंखा शहाण्यासारखा एकवर आला. मैनाने सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "हं."

त्या 'हं'चा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. भगीरथराव भज्यांचा पुडा दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा सापडेना.

त्यानंतर रोज संध्याकाळी सात वाजता विशेंच्या घरात मैनाची सिरियल लागे. पाठोपाठ तिचा आवाज वाढे. मैनाला टीव्ही मोठा लागायचा. भगीरथराव कुरकुरत आणि गप्प बसत. एवढी वेळेवर गाडी त्यांनी उभ्या नोकरीत बघितली नव्हती.

मैना गेली ती भर उन्हाळ्यात, दुपारी, झोपेत. पंखा एकवर होता. तिनेच एकवर ठेवला होता, आणि रिमोट हातात होता.

तेरावं होईपर्यंत नम्रता राहिली. मग तीही गेली, कारण लेकीला तिचं घर असतं. गेल्यावर तिचा फोन आला. "जेवलात, बाबा?" "जेवलो." "बरं." "बरं." यापुढे दोघांनाही काही सुचेना, आणि तोंडाला लागलेली सवय म्हणून भगीरथराव म्हणाले, "थांब, आईला..." आणि थांबले. पलीकडे नम्रता रडल्याचं त्यांना ऐकू आलं. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला, जणू तो जोरात ठेवला तर तिला लागेल. नंतर फोन कमी झाले. आले तरी दोघेही ठेवायची घाई करत.

सुतकात टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं ते नंतरही तसंच राहिलं होतं. पुढे जनाबाई एकदा झाडलोट करायला आल्या, त्यांनी ते चालू केलं. त्या संध्याकाळी भगीरथराव खिचडीचं ताट घेऊन बसले होते आणि घास फिरवत होते. सात वाजले आणि टीव्ही लागला. तीच सिरियल, तीच त्यातली भांडकुदळ सासू. भगीरथराव ताटावरून उठले, खाटेकडे वळले आणि म्हणाले, "आलीस काय गो?"

खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी रिमोट घेतला, आवाज कमी केला आणि पुन्हा ताटावर बसले. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशीही टीव्ही लागला. तिसऱ्या दिवशी ते सातच्या आधीच ताट वाढून बसले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण संध्याकाळी सात ते साडेसात या वेळेपुरता त्यांनी त्या विषयावर विचार करणं सोडून दिलं होतं. टीव्ही लागला की ते आवाज कमी करत, आणि 'किती मोठा ठेवतेस' असं एकदा खाटेच्या दिशेने म्हणत.

हे असंच चाललं असतं. पण एके संध्याकाळी पांडूतात्या गिरणीचा पट्टा तुटला म्हणून पान्हा मागायला आले, आणि त्यांच्यादेखत टीव्ही लागला. दोन्ही माणसांचे दोन्ही हात रिकामे होते, आणि रिमोट खिडकीत होता. मग भगीरथरावांना काहीतरी म्हणावंच लागलं, म्हणून ते म्हणाले, "हा आपोआप लागतो. मला लय अपमान वाटतो."

पांडूतात्यांनी पान्हा खाली ठेवला. "भगीरथ, हे साधं नाय. मला कालच मेसेज आलाय. चोर असंच करतात. लांबून टीव्ही लावायचा नि बघत बसायचं. आवाज कमी झाला म्हंजे घरात मानूस हाय. नाय झाला म्हंजे घर रिकामं. कुनीतरी तुझ्यावर नजर ठेवून हाय रे."

तात्या आयुष्यात एकदाच तंतोतंत बरोबर बोलले, आणि तेव्हाही त्यांना काय बरोबर बोललो ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत आला. त्याने भगीरथरावांचा मोबाइल बघितला आणि जीभ चावली. "काका, तुमी सेटअप कधीच नवीन घातला नाय? कंपनीनं केव्हाच कळवलंय. जुन्या सेटअपला भोक हाय. त्यातनं कुनी पन आत येतो."

भगीरथरावांनी काळी डबी उचलली, फिरवून फिरवून बघितली. "कुठं हाय भोक?"

"असं दिसत नाय, काका. ते सॉफ्टवेअरात असतं."

बघायला आलेले पांडूतात्या घरी उरलेलं थोडं सिमेंट भोक बुजवायला आणायला निघाले होते. त्यांना थांबवावं लागलं.

"आनि पासवर्ड कुनाकुनाला माहिती हाय?" इंद्रजीतने विचारलं.

"शेणवा ॲट एक-दोन-तीन, भावोजी," ओट्यावरून जनाबाईंनी मदत केली. त्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे विसरले असतील.

इंद्रजीत म्हणाला की हे प्रकरण पोलिसांच्या कानावर घातलेलं बरं, कारण त्याच इंटरनेटवर काकांची पेन्शनही येते. भगीरथराव इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत गेले. तिथले जमादार जुने प्रवासी होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि कागद पुढे ओढला.

"बोला काका. घरातलं काय गेलं?"

भगीरथरावांनी कागदाकडे बघितलं. घरातलं काय गेलं ते त्यांना सांगता आलं असतं. पण त्या कागदावर त्यासाठी जागा नव्हती.

"काय नाय गेलं," ते शेवटी म्हणाले. "टीव्ही लागतो."

"लागत नाय?"

"लागतो. रोज सातला."

जमादार थोडा वेळ पेन हातात धरून बसले. "तक्रार कुनाविरुद्ध लिहू?"

जमादार माणूस समजूतदार होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "काका, पासवर्ड बदला. एकट्यानं बसून बदला. नि कुनाला सांगू नका. फोनवर तर बिलकुल नाय, सख्ख्या भावानं विचारला तरी नाय. आजकाल फोनवर सांगितलं की गेलंच समजा."

भगीरथरावांनी घरी येऊन भरदिवसा दार लावलं. लगेच जनाबाईंनी बाहेरून विचारलं, "बरं नाय का, भावोजी?" "बरं हाय," ते आतून म्हणाले, आणि त्यांना आपण काहीतरी चोरी करतो आहोत असं वाटलं. इंद्रजीतने शिकवल्याप्रमाणे त्यांनी नवीन सेटअप घातला आणि नवा पासवर्ड केला. तो त्यांना पाठ करावा लागला नाही. मग मोबाइलने विचारलं, बाकीच्या सगळ्या फोनांना बाहेर काढायचं का?

जन्मभर 'होय' दाबलेल्या माणसाचं बोट तिथे अडलं. कारण त्यांनी मनात एक हिशेब मांडला होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. चोर असतील तर आता टीव्ही लागणार नाही. मैना असेल तर लागेल. मैनाला पासवर्ड लागत नाही.

त्यांनी 'होय' दाबलं.

संध्याकाळी ते ताट वाढून बसले. सात वाजले. टीव्ही लागला नाही. ते भिंतीवरचं बटण बघून आले, ते चालू होतं. डबीचा दिवा बघून आले, तोही चालू होता. शेजारच्या घरातून त्याच सिरियलचं गाणं ऐकू आलं आणि संपलं. मग भगीरथरावांनी ताट बाजूला सारलं आणि ते रडले. मैना गेली तेव्हा माणसं होती, विधी होते, कावळ्याची वाट बघायची होती, तेव्हा त्यांना असं रडता आलं नव्हतं. मैना खरी गेली ती त्या संध्याकाळी.

स्वतः रिमोट घेऊन टीव्ही लावावा असं त्यांच्या मनात आलं. पण आपणच लावायचा, आपणच कमी करायचा, यात काही अर्थ नव्हता. पुढचा दिवसही तसाच गेला. पांडूतात्या येऊन चोर पळाल्याबद्दल अभिनंदन करून गेले. भगीरथरावांचं घर आता शेणव्यातलं सगळ्यात सुरक्षित घर होतं. त्यात कुणीही येऊ शकत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी नम्रताचा फोन आला.

"बाबा?"

"हॅलो. बरी हायेस ना?"

"मी बरी हाय. तुमी बरे हायेत?"

"बरा हाय." आणि पुढचं वाक्य ओठावर आलं. त्यांनी ते गिळलं.

"बाबा, टीव्ही बिघडलाय काय?"

भगीरथरावांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. "तुला कुनी सांगितलं?"

नम्रता एका दमात बोलत सुटली. "मीच लावायची तो. रिमोट बसवला ना, तुमी भजी आनायला गेलता. आईनं माझा फोन दाखवून इशारा केला, ह्याच्यात पन घाल म्हनून. इंद्रजीतनं घातला, गडबडीत तो विसरला पन असंल. मग सातला मी हितनं लावायची नि आई तिकडनं आवाज वाढवायची. माझ्या फोनात ते दिसायचं. हितं मी पन तीच सिरियल बघायची. आमचं बोलनं व्हायचं ते असं."

"आनि आई गेल्यावर?"

"हितं आल्यावर लावत राहिले, त्या बटनात आईएवढाच मोठा आवाज घालून. आधी कायच दिसत नव्हतं. मग एक दिवस लावला नि आवाज कमी झाल्याचं दिसलं. आई वाढवायची, तुमी कमी करायचात. म्हटलं, बाबा हायेत. जेवायला बसलेत. फोन केला तर तुमी बोलत नाय, बाबा. मी काय करू? आता दोन दिवस कायच दिसत नाय. फोनात येतं, तुमाला बाहेर काढलंय. जनाकाकूला विचारलं तर ती म्हनाली, दार लावून बसतात."

भगीरथरावांना खूप काही म्हणायचं होतं. मी तुझ्या आईला हाक मारली आणि ओ तू दिलीस, हे म्हणायचं होतं. रोज त्या आवाजामुळे दोन घास जात होते, हे सांगायचं होतं. पण इतक्या वर्षांत त्या रस्त्याने गाडी गेलेलीच नव्हती. तोंडातून आलं ते माइकवरच्या आवाजात आलं.

"पासवर्ड बदललाय."

"मग नवा सांगा ना."

"फोनवर सांगता येत नाय. जमादारांची सक्त सूचना हाय." ते थांबले. पलीकडे नम्रताचा श्वास ऐकू येत होता. "मी येतो. येऊन सांगतो."

लेकीच्या घरी ते मैनाशिवाय कधी गेले नव्हते. काय न्यायचं असतं हेही त्यांना माहीत नव्हतं, कारण पिशवी मैना भरायची. त्यांनी नाक्यावर वांगी आणि भेंडी घेतली. धसईला भाजी घेऊन जाणं म्हणजे शहाण्याचं काम नव्हे, तिथूनच ती सगळ्या बाजारांना जाते, पण हे त्यांच्या लक्षात आलं ते मध्ये गाडी बदलताना, जेव्हा शेजारी बसलेल्या बाईच्या पाटीतही वांगीच दिसली. गाडीत कुणी विचारलं, कुठं निघालात, तर ते म्हणाले, "जरा काम हाय. गोपनीय."

नम्रता दारातच उभी होती. तिनं पाणी दिलं, पिशवी घेतली, वांग्यांकडे बघितलं आणि ती कोपऱ्यात ठेवली. दोघांमध्ये तीच जुनी शांतता येऊन बसली. मग भगीरथराव म्हणाले, "दार लाव."

तिनं दार लावलं. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या कानात त्यांनी पासवर्ड सांगितला. लेक लहान होती तेव्हापासून ते तिच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. पासवर्ड काय होता ते इथे लिहिता येणार नाही. जमादारांची सूचना गोष्ट सांगणाऱ्यालाही लागू आहे. एवढंच सांगता येईल की तो ऐकून नम्रताने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि भगीरथराव हात कुठे ठेवायचे ते न कळून आधी तसेच उभे राहिले आणि मग त्यांना कळलं.

संध्याकाळी जेवण झालं, वांग्याचंच. सात वाजायला आले तेव्हा भगीरथराव म्हणाले, "मी तर हितं हाय. आता तिकडं कुनासाठी लावायचा?"

"लावू या, बाबा," नम्रता म्हणाली.

तिनं आपल्या घरचा टीव्ही लावला आणि मोबाइलवरचं बटण बापाच्या पुढे धरलं. भगीरथरावांनी ते दाबलं. तिकडे शेणव्याला, कुलूप लावलेल्या घरात, मैनाच्या रिकाम्या खाटेसमोर तिची सिरियल सुरू झाली. ते दोघं शेजारीशेजारी बसून इकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने भगीरथरावांचा फोन वाजला. पांडूतात्या होते आणि त्यांचा आवाज कापत होता. "भगीरथ, तू धसईला ना? तुझ्या बंद घरात टीव्ही लागलाय रे. कुलूप तसंच हाय. आत कुनीतरी बसलंय."

भगीरथरावांनी विचारलं, "आवाज मोठा हाय काय?"

"लय मोठा हाय. हितवर येतोय. जमादारांना बोलवू?"

"नको," भगीरथराव म्हणाले. "राहू दे. घरातलंच मानूस हाय."

मग त्यांनी नम्रताच्या मोबाइलवर आवाज कमी करायचं बटण शोधलं. त्यावर बोट ठेवलं, आणि न दाबता उचललं.

"राहू दे मोठा," ते म्हणाले.

"हं," नम्रता म्हणाली.

ते अगदी मैनासारखं होतं.